शिकारकथा टिपायला निघण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर जुन्या शिकारकथा टिपायला तुम्ही प्रथमच निघाला आहात, म्हणून आवर्जून सांगतो, शेकोटीपाशी बसताच वही उघडू नका. हाकारे (आरडाओरडा करून जनावर उठवणारे), माग काढणारे आणि मांसाचा वाटा मिळालेले असे सारेच त्या कथेचे धनी असतात. त्यामुळे एक आजोबा सांगत असताना दुसरे मध्येच दुरुस्ती करतात, आणि माझ्या मते कथेचा प्राण त्या दुरुस्तीतच असतो, तेव्हा दोन्ही बाजू जशाच्या तशा लिहून घ्या. शिकारीवर निर्बंध घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, म्हणून सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय नोंदवू नका. शक्यतो वाघबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, जा. वाघदेवाच्या पूजेनंतर माणसे मोकळेपणाने बोलतात.