पक्षाघातानंतर हात सुधारण्यासाठी टीएमएस घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत आणि आता चुंबकाने मेंदूला चालना देण्याचा उपचार, म्हणजे टीएमएस, सुचवलाय. हा शॉकचाच प्रकार आहे का आणि पदरात काही पडेल का, असं तुम्ही विचारताय. मी डॉक्टर नाही. मेंदूविकार विभागात टेक्निशियन आहे, हे मशीन चालवणं हेच माझं काम.

शॉक नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम झटका आणतात. इथे पेशंट खुर्चीत जागा असतो, बोलत असतो. आठच्या आकड्यासारखी तारेची कॉइल डोक्याला टेकवायची आणि तिच्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडायचा. चुंबकीय क्षेत्र एमआरआयच्या तोडीचं, दीड-दोन टेस्लाचं, पण टिकतं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हा शाळेतला फॅरडे. फक्त इथे तारेऐवजी कवटीखालचा मेंदू आहे, आणि तोही वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर. त्याहून खोल ही साधी कॉइल फारशी पोचत नाही. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं.

पहिला दिवस मोजमापाचा. कानात बोळे घालायचे, कारण प्रत्येक ठोक्याला टक्‌कन आवाज येतो. मग कॉइल थोडी थोडी सरकवत जागा शोधायची. टक्, काही नाही. टक्, काही नाही. जरा मागे, टक्, आणि मांडीवर निवांत पडलेला अंगठा आपोआप उडतो. दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल अशी कमीत कमी ताकद शोधायची आणि त्यावरून पुढचा डोस ठरवायचा. शिकताना माझ्या डोक्यावर लावलं होतं तेव्हा मी दचकून हाताकडे बघत बसलो होतो. नातेवाईक तर हे बघून हरखूनच जातात. पण अंगठा उडाला म्हणजे फक्त कॉइल योग्य जागी आहे एवढंच. उपचाराचा गुण येणं ही वेगळी गोष्ट.

आता तुमच्या वडिलांचं. उजवा हात गेलाय म्हणजे इजा डाव्या मेंदूत. धडका उजवा मेंदू डाव्याला दाबून ठेवतो, असं एक मत आहे. म्हणून बहुतेक वेळा धडक्या बाजूलाच सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी शांत करतात. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण तीन ते बारा महिने उलटलेल्या पेशंटांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले. एका गटाला खरी कॉइल, दुसऱ्याला लुटुपुटूची, आणि दोघांनाही हाताचा कसून व्यायाम. दोन्ही गटांत साधारण दोन तृतीयांश लोक सुधारले. लुटुपुटूची कॉइल खरंच निष्क्रिय होती का, यावर तज्ज्ञांत वाद झाला, तो असो. माझ्या मते गुण मुख्यतः व्यायामाचा, आणि तुमचे वडील नेमके त्याच कालखंडात आहेत.

‘मेंदूच्या सगळ्या आजारांवर टीएमएस’ अशी जाहिरात दिसली तर सावध राहा. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे. अर्धशिशीच्या एका प्रकारासाठी हातात धरायचं यंत्र २०१३ मध्ये मान्य झालं. नसांच्या जुनाट वेदनांवरही बरा पुरावा आहे. कंपवात आणि विस्मरणाच्या आजारात मात्र अजून अभ्यासच चालू आहेत.

त्रास म्हटला तर डोकं दुखणं, डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखं होणं. फिट क्वचितच येते, पण पक्षाघातानंतर तो धोका थोडा वाढतो, म्हणून आधी कधी फिट आली असेल तर लपवू नका. डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तर तेही आधी सांगा.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: कॉइल कुठल्या बाजूला लावणार, आणि सेशन संपल्यावर लगेच हाताचा व्यायाम कोण करून घेणार? दुसऱ्याला ‘ते घरी करा’ असं उत्तर आलं, तर मी तरी पैसे भरायची घाई करणार नाही.