उजनी भरली तरी पाण्याची पाळी चार-पाच दिवसांआड का, आणि मागायचं काय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजनी धरण शंभर टक्के भरलं, उजनीहून सोलापूरला पाणी आणणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीच्या बातम्याही वाचल्या, तरी जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआडच, मग अडतंय कुठं, आणि नगरसेवकाकडं मागायचं काय? पुण्याहून आलेल्या माणसाला हे कोडं पडणारच. मी पूर्व भागात वाढलो, आता शेळगीत राहतो, आणि पाण्याचा पाठपुरावा बरीच वर्षं करतोय. माझं म्हणणं स्पष्ट आहे. सारखं धरणाकडं बघणं सोडा. आपलं पाणी शहरात शिरल्यावर अडतं.

उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या तळाशी राहणारं पाणी. समांतर वाहिनीची क्षमता १७० एमएलडी, म्हणजे रोज १७ कोटी लिटर. ती वर्षभर एक दिवसही न थांबता चालली असं धरलं, तरी लागणारं पाणी सव्वादोन टीएमसीच्या आतच राहतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. रोजचं हे पाणी तेवढ्या लोकांत वाटलं तर माणशी पावणेदोनशे लिटरच्या वर पडतं. शहरांसाठी निकष धरतात १३५ लिटरचा. लोकसंख्या वाढली हे खरंच, पण जुनी उजनी वाहिनी, टाकळीला भीमेतून उचललेलं पाणी आणि हिप्परग्याचा तलाव मी यात धरलेलेच नाहीत.

नदीतून पाणी आणायचं झालं की हिशेब पार बदलतो. भीमेवरचा औज बंधारा भरायला उजनीतून नदीत पाणी सोडतात, आणि एका आवर्तनाला, म्हणजे सोडण्याच्या एका फेरीला, पाच-सहा टीएमसी जातं. कोरडं पात्र पितं, ऊन पितं, काठच्या मोटारी उचलतात. त्यावर गावं आणि पिकं जगतात, म्हणून ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ‘सोलापूरसाठी सोडलं’ म्हणून जे पाणी लिहिलं जातं, त्यातलं थोडंच सोलापूरच्या नळाला येतं. बंद वाहिनीचं महत्त्व इथं आहे.

आता शहरात या. १९९२ ला हद्दवाढ झाली आणि ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, देगाव, सगळी गावं एकदम आत आली. मग गुंठेवारीचे प्लॉट पडले, घरं उठली, आणि पाण्याची लाइन ज्याला जशी जमली तशी पुढं ओढत नेली गेली. टाक्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. पाकणीला किंवा सोरेगावला पाणी शुद्ध झालं की ते आधी उंच टाकीत चढायला हवं, तरच नळाला दाब मिळतो. टाकी एक, तिच्यावर वस्त्या अनेक, म्हणून चावीवाला आज या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडतो, उद्या त्या. त्यात उजनीच्या पंपगृहाची वीज गेली की सगळ्यांची पाळी एक दिवस पुढं सरकते. पाकणीला दुप्पट पाणी आलं तरी टाक्या आणि आतल्या वाहिन्या तेवढ्याच राहिल्या, तर तुमच्या नळाला फरक पडणार नाही.

पाळीचं पाणी नुसतं गैरसोयीचं नसतं, धोक्याचंही असतं, आणि यावर पुरेसं बोललं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. चार दिवस वाहिनी रिकामी असते. शेजारून ड्रेनेज जातं, दोन्ही जुनी, दोन्ही झिरपणारी. पाणी सुटलं की गल्लीतल्या टिल्लू मोटारी एकदम चालू होतात, वाहिनीत ओढ तयार होते आणि सांध्यांतून घाण आत येते. म्हणून सुरुवातीचं पाणी पिवळट आणि वासाचं येतं. वर घराघरांत भरून ठेवलेली बॅरलं, म्हणजे डेंग्यूच्या डासाची सोय. रोज थोडा वेळ, पण नियमित दाबानं पाणी आलं तर ही दोन्ही दुखणी निम्म्याहून कमी होतील असं मला ठामपणे वाटतं.

याची किंमत कोण मोजतं तेही बघा. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाणी रात्री दोनला येणार की दुपारी, हे माहीत नसलं की ती नळापाशी अडकते आणि हजार पुरे होत नाहीत. कारखान्यात पाळी करणाऱ्याची रात्रीची झोप जाते. बंगल्यात हौद आणि वरची टाकी असते, तिथं हे कळतही नाही.

तर मागायचं काय? ‘रोज पाणी द्या’ ही मागणी ऐकून घेतली जाते आणि विसरली जाते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच होते, गल्लीतला प्रश्न घेऊन जायला माणूसच नव्हता. आता नेमकं विचारा. आपल्या भागाला कोणत्या टाकीवरून पाणी येतं, तिची क्षमता किती, तिच्यावर किती नळजोड आहेत, नवी टाकी मंजूर आहे का आणि जागा कुठली? हे लेखी विचारा, माहिती अधिकारात विचारलं तरी चालेल. दुसरं, पाळीची वेळ आदल्या दिवशी कळवण्याची मागणी करा. तिला पैसा लागत नाही, म्हणून मी ती सगळ्यात वर ठेवीन. तिसरं, मीटर. अनेकांना पटणार नाही, पण टाकीतून किती सुटलं आणि घरांत किती पोचलं हे मोजल्याशिवाय गळती कधीच सापडणार नाही.

तुमच्या घरापुरतं सांगतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नका, आणि मोटार थेट नळाला जोडू नका, हौदातून उचला. पाण्याला वास आला तर झोन कार्यालयात जाऊन नळावरच ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती आहे ते बघायची चाचणी, करायला सांगा. नळाच्या टोकाला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर निघायला हवं. नाही निघालं तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्या त्याच कागदावर घ्या.