त्याला खरं सांग

पोरी,

काल फोनवर तू विचारलंस, "पाच वर्षांच्या पोराला ब्लड कॅन्सर म्हणजे काय सांगू? घरचे म्हणतात, काही बोलूच नको." अगं, त्याला कळलंय. मणक्यातून पाणी काढून घेतलेल्या पोराला काही समजत नाही म्हणणारी माणसं स्वतःलाच जपत असतात.

त्याला खरं सांग. "रक्तात आजार झालाय, औषध दोन-तीन वर्षं चालणार, सुरुवातीला सुया जास्त, मग कमी." एवढं पुरतं. आणि त्यानं विचारलं नाही तरी सांग: हे तुझ्यामुळं झालेलं नाही. आईचं ऐकलं नाही म्हणून ही शिक्षा, असं माझी लेक तिच्या आजारपणात मनात धरून बसली होती. आम्ही मोठी माणसं तिच्यासमोर खाणाखुणा करत होतो. ते अजून सलतं.

"दुखणार नाही" म्हणू नकोस. दुखतं. "टोचेल, मी हात धरते" म्हण. बधिर करणारं मलम सुईच्या तासभर आधी लावतात, सिस्टरना विचारायला लाजू नको. "उद्या रंकाळ्यावर जाऊ" तर अजिबात नको! पांढऱ्या पेशी उतरल्या की गर्दीत नेता येत नाही, ताप १००.४ ला पोचला की रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा लागतो. दोनदा फसलेलं पोर तिसऱ्यांदा औषधाला तोंड उघडत नाही.

केस जाणार हे मी लेकीला आधीच सांगितलं, तर सासूबाईंनी अबोला धरला. दगडाच्या काळजाची म्हणाल्या. म्हणू देत. उशीवर केस दिसले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, तू सांगितलेलंस ते हेच ना?" मी आजही तेच करेन.

अंबाबाईचा अंगारा आजी लावतील, लावू दे. खर्चाचं सरकारी जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या मदतनीसाला विचार. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात.

"मी मरणार का?" असंही विचारेल. विषय बदलू नकोस. कशाची भीती वाटते ते विचार, ऐकून घे. रात्री एकटं ठेवतील, हीच भीती असेल कदाचित. नक्की बरा होशील अशी शपथ नको. "या आजारातली बरीच पोरं बरी होतात, डॉक्टर औषध देतायत, मी इथंच आहे." तिन्ही खरं.

सोमवारी पुन्हा पाणी काढणार आहेत ना? रविवारी संध्याकाळी सांग त्याला. झोपायच्या तोंडावर नको, जेवणाआधी.

तुझी काकू