हार्डडिस्क टकटक करते, बॉक्स ओळखत नाही

प्रश्न : आमच्याकडे फ्री डिशचा बॉक्स आहे, त्याला यूएसबीची सोय आहे. सह्याद्रीवरचे भजन-कीर्तनाचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचे आणि मुलगा गणपतीला मुंबईहून आला की दाखवायचे, असा बेत होता. त्याच्याच जुन्या लॅपटॉपची ५०० जीबीची हार्डडिस्क केसमध्ये घालून लावली. दिवा लागतो, आत टकटक होतं, पण टीव्हीवर काही दिसत नाही. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होतं, ते मध्येच तुटतं. डिस्क गेली का? तिच्यात घरचे सगळे फोटो आहेत.
— एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : काकी, डिस्क गेली असं इतक्यात धरू नका. कणकवलीत माझ्या दुकानात अशा टकटक करणाऱ्या डिस्क येतात, त्यातल्या बऱ्याच धडधाकट असतात. त्यांना वीज पुरत नाही एवढंच. यूएसबी २.० मधून ५ व्होल्टला ५०० मिलीॲम्पिअर मिळतात. लॅपटॉपच्या डिस्कला चकती फिरायला लागताना बहुधा त्याहून बरीच जास्त वीज लागते. चकती उचल खाते, व्होल्टेज पडतं, थांबते, पुन्हा उचल खाते. तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज. तशीच लावून ठेवू नका, या झटापटीत चांगली डिस्कही बिघडते.

पण सगळ्यात आधी फोटो. डिस्क कॉम्प्युटरला लावा आणि ते दोन ठिकाणी उतरवून घ्या. तिथेही टकटक थांबली नाही तर लगेच काढा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. फोटो हातात आल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही, कारण बॉक्सवर डिस्क फॉरमॅट केली की आतलं सगळं पुसलं जातं.

नंतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे भिंतीतून वीज घेणारी यूएसबीच्या जोडण्यांची डबी, घ्या आणि डिस्क त्यातून बॉक्सला जोडा. काही बॉक्स हब ओळखत नाहीत, म्हणून दुकानात बॉक्स सोबत न्या आणि लावून बघूनच पैसे द्या. हब चालला नाही तर दोन तोंडांची केबल मागा, ती डिस्कला लावून तिचं एक तोंड बॉक्सला आणि दुसरं मोबाइलच्या चार्जरला. मग बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर वापरलेली डिस्क बहुधा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. बरेच स्वस्त बॉक्स ती वाचतात, पण तिच्यावर लिहू शकत नाहीत.

मेनूत फॅट३२ ही फॉरमॅटची दुसरी पद्धत आली तर एक अडचण ठाऊक असू द्या. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही. साध्या चॅनलचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी भरतात, म्हणजे तीन तासांच्या आसपास मर्यादा येते. चांगला बॉक्स तिथे दुसरी फाईल सुरू करतो, काही बॉक्स सरळ थांबतात. तुमच्या पेनड्राइव्हवरच्या तुटलेल्या फाईलचा आकार बघा. ४ जीबीला टेकला असेल तर कारण हेच. त्याहून बराच कमी असेल तर पेनड्राइव्ह भरलाय किंवा त्याचा लिहिण्याचा वेग कमी पडतोय, नाहीतर मध्ये लाईट गेली असणार. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं काही नवीन नाही, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर बॉक्स आणि हब दोन्ही त्याच्यावर घ्या. नुसता बॉक्स घेतलात तर लाईट जाताक्षणी डिस्क बंद पडेल.

मुसळधार पावसात सिग्नलच जातो, त्याला डिस्क काही करू शकत नाही. मात्र पावसाआधी छपरावरच्या एलएनबीचा, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडून बघा. खाऱ्या वाऱ्याने आत हिरवट थर चढला असेल तर कनेक्टर बदलून वर पाणी न शिरणारी रबर टेप गुंडाळा.

टायमर लावला असेल तेव्हा बॉक्स रिमोटनेच बंद करा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. आणि विजा चमकायला लागल्या तर रेकॉर्डिंग राहू दे, बॉक्सचा आणि हबचा प्लग काढा, डिशची केबलही सोडवून ठेवा.