उपमा मोडू दे

प्रिय भावी बाई,

तुझं पाठ टाचण मिळालं. दोनदा वाचलं, पहिल्यांदा हसत आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. वीस मिनिटांचा पाठ, विषय विद्युतप्रवाह, समोर अनोळखी सातवीचा वर्ग, मागच्या बाकांवर मुलाखत समिती. आणि तू मुलांनाच इलेक्ट्रॉन करून वर्गभर पळवणार! बॅटरीपाशी चेंडू उचलायचा, दिव्यापाशी टाकायचा, परत बॅटरीकडे धावायचं. सोबत तुझी शंका: 'हे फार पोरकट वाटेल का?'

पोरकट वाटणार नाही. सकाळपासून एकामागून एक व्याख्या ऐकून समिती कंटाळलेली असते, थोडा खेळ दिसला की तीही सावरून बसते. माझी काळजी वेगळी आहे. ती सांगण्याआधी माझी एक फजिती ऐक.

पहिल्याच मुलाखतीत मीही हाच विषय घेतला होता. फळ्यावर टाकी काढली, नळी काढली आणि ठणकावून सांगितलं, "वीज म्हणजे तारेतून वाहणारं पाणी." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मग तार कापली की वीज खाली सांडते का?" वर्ग हसला. मीही हसलो, "पुरे झाली मस्करी" म्हणालो आणि पुढच्या आकृतीकडे वळलो. समितीतल्या एका बाईंनी तेवढ्यात पेन खाली ठेवलं. नोकरी मिळाली नाही. पुढची काही वर्षं मी मनातल्या मनात त्या पोराला दोष देत होतो.

खरं तर त्या दिवशी वर्गात माझी उपमा मनापासून ऐकणारा तो एकटाच होता. नळी कापली तर पाणी सांडतं. तार कापली तर काहीच सांडत नाही, उलट सगळंच थांबतं. असं का? या एका प्रश्नावर मी पाच मिनिटं थांबलो असतो, तर बंद परिपथ, म्हणजे विजेचा कुठेही न तुटलेला फेरा, काय असतो ते मुलांनीच मला सांगितलं असतं.

व्याकरणाच्या तासाला उपमेचे चार भाग शिकलीस ना? उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. माझ्या त्या वाक्यात शेवटचे दोन गायब होते. 'सारखी' हा शब्द मी खाल्ला आणि नेमकं कशात सारखी तेही सांगितलं नाही. उपमा द्यायला गेलो आणि नकळत रूपक करून बसलो. कवितेत रूपक शोभतं, विज्ञानाच्या तासाला ते मुलांच्या डोक्यात घर करून बसतं आणि मग निघता निघत नाही.

आता तुझे चेंडू. त्यातली एक गोष्ट पक्की आहे: ऊर्जा दिव्यापाशी खर्च होते, पण ती वाहणारी मुलं संपत नाहीत. हे चांगलं. पण खेळ सुरू झाला की पहिलं मूल बॅटरीपासून दिव्यापर्यंत पोचेस्तोवर दिवा विझलेलाच राहणार. तारेतले इलेक्ट्रॉन तर फारच संथ सरकतात, साधारण सेकंदाला एखादा मिलिमीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी. तरी बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो, कारण सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच हलू लागतात. तुझ्या खेळातून मूल नेमकं उलटं शिकेल. आणि दोन दिवे लावले तर कुठल्या दिव्यापाशी किती चेंडू टाकायचे, हे इलेक्ट्रॉनला आधीच कोण सांगणार? शिवाय अनोळखी वर्गात तीस मुलं पळू लागली की वीस मिनिटांतली बारा त्यांना परत बसवण्यात जातात. हे अनुभवाने सांगतोय.

त्यापेक्षा दोरी घे. पातळ, गुळगुळीत, टोकं जोडून केलेलं एक मोठं कडं. आठ-दहा मुलं गोल उभी करायची, प्रत्येकाने दोरी सैल मुठीत धरायची. एक मूल बॅटरी: एका हाताने ओढायची, दुसऱ्या हाताने पुढे सोडायची. ते ओढायला लागताच दोरी सगळ्यांच्या हातात एकदमच सरकते. मग समोरच्या एका मुलाला मूठ जराशी आवळायला सांग. तो दिवा. थोड्या वेळाने त्याला विचार, हाताला काय जाणवतंय? "गरम लागतंय," असं तोच म्हणेल. (हळू ओढायला आधीच बजाव, नाहीतर तळहात सोलवटतील.)

मग वर्गाला तुझा खरा प्रश्न विचार: दिव्याच्या अलीकडे दोरी जास्त वेगाने सरकते की पलीकडे? बरीच मुलं मनात धरून असतात की दिवा थोडी वीज 'खातो' आणि उरलेली पुढे पाठवतो. इथे त्यांच्याच हातात उत्तर असतं, दोन्हीकडे वेग सारखाच. दोरी संपत नाही, पण बॅटरी झालेल्या मुलाचा हात भरून येतो. विद्युतप्रवाह आणि ऊर्जा यांतला फरक याहून सोपा करून सांगणं मला तरी जमलेलं नाही. वेळ उरला तर आणखी एकाला मूठ आवळायला लाव, दोरी सगळ्यांच्याच हातात मंदावेल.

इथवर आलीस की थांब. बहुतेक उमेदवार इथे टाळ्या घेतात आणि पाठ गुंडाळतात. तू फळ्यावर दोन रकाने आख, 'जुळतं' आणि 'जुळत नाही', आणि दुसऱ्या रकान्यासाठी खडू मुलांच्या हातात दे. दोरी कापली तर? तार दोन फाट्यांत विभागली तर? दोरीला फाटे फुटत नाहीत, म्हणून समांतर जोडणी या खेळात बसत नाही. हे तू सांगण्याआधी एखाद्या मुलाने सांगितलं, तर पाठ जमला असं समज. 'अरे वा, माझी दोरी इथे तुटली की!' असं हसून म्हणता आलं पाहिजे. हा खरा खेळकरपणा, पळापळ नव्हे. टाचणात या भागाला तू एक मिनिट दिलं आहेस. सहा दे. प्रस्तावना काप, हेतुकथन एका वाक्यात उरक, ती सुरुवातीची गोष्टही काढून टाक. (गोष्ट छान आहे, पण ती तुझ्या आवडीची आहे, पाठाच्या गरजेची नाही.)

उपमा मोडण्यात कमीपणा वाटू देऊ नकोस. १९११ साली भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने अणूच्या मध्यभागी केंद्रक असल्याचं मांडलं, आणि सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण त्या काळच्या नियमांनुसार असा फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळायला हवा होता. चित्र जिथे जुळेना, तिथेच नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञाने हात घातला आणि १९१३ साली अणूची आपली प्रतिकृती मांडली.

समिती विचारेल, "दोरीच का? पाणी का नाही?" याचं उत्तर तयार ठेव. डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या संशोधकांनी १९८३ साली नेमकं हेच तपासलं होतं. वीज म्हणजे वाहतं पाणी असं धरून विचार करणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न जास्त चांगले सुटले, आणि दारांतून पुढे सरकणारी गर्दी असं धरणाऱ्यांना रोधांचे, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या भागांचे. म्हणजे जशी उपमा तसा विचार. तेव्हा 'मजा येते म्हणून' एवढंच सांगू नकोस. 'दिवा वीज खातो हा गैरसमज मला काढायचा होता, आणि त्यासाठी दोरी सर्वांत सरळ आहे,' असं सांग. घरातल्या विजेची दिशा सतत उलटते, तिथे दोरी चालेल का, असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर दोरी मागेपुढे ओढून दाखव. आवळलेली मूठ तरीही तापते.

आणखी एक, आणि हे मात्र ऐकच. दिवा किंवा रोध कोणाला करायचं ते तू ठरवू नकोस, हात वर करणाऱ्यांतून घे. एखाद्या अबोल किंवा जाडजूड मुलाला 'हा आपला रोध' म्हणून उभं केलंस तर वर्ग खळखळून हसेल, समितीही हसेल कदाचित. तू वीस मिनिटांनी निघून जाशील. त्या मुलाला ते नाव वर्षभर चिकटेल.

नवं टाचण गुरुवारपर्यंत पाठव. या वेळी फक्त दुसऱ्या रकान्याचं पान वाचेन, बाकीचं तुला येतं.

तुझा,
सर

ता. क. दोरीला गाठ मारू नकोस, टोकं दोऱ्याने शिवून घे. गाठ मुठीत अडकते आणि कोणीतरी विचारतंच, "सर, तारेतही गाठ असते का?" शिवूनही कोणी विचारलंच, तर खडू त्याच्याकडे दे.