डुकरांवर पहिली गोळी घाईने झाडू नकोस

लायसन्स हातात आलं म्हणून लगेच बंदूक घेऊन निघू नकोस. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स असो की क्वीन्सलँड, आधी शेतमालकाची परवानगी, आणि त्याच्यासोबत चहा परवानगीच्याही आधी. कुठे १०८० नावाच्या विषाचं आमिष टाकलंय ते त्यालाच विचार. कुत्र्याने ते खाल्लं तर त्यावर उतारा नाही.

मोकाट डुकरांचा कळप दिसला की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवायचे. पण एक मारलंस की बाकीची पांगतात, शहाणी होतात. त्यापेक्षा रोज धान्य टाकून कळपाला पिंजऱ्याची सवय लाव, सगळी आत आली की मगच दार पाड. अनुकूल हंगामात मादी वर्षात दोनदा विते, चार-दोन मारून काय होणार?

सोलताना हातमोजे घाल. ब्रुसेलोसिस हा डुकरांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. सशांचं नंतर सांगेन, ते १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात ससे सोडले तेव्हापासूनचं दुखणं आहे.