कडी आतूनच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोदामाच्या पायरीवर झोपणाऱ्या अज्जीसाठी बांधायच्या खोलीचा नकाशा बरा आहे. ८ फूट लांब, साडेसहा रुंद, म्हणजे ५२ चौरस फूट. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या बेघर निवाऱ्यांतही माणशी ५०च धरत, तेव्हा अज्जीला लहान पडेल ही काळजी सोड. उद्यमबागेतल्या पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड भिंतींना चालेल. खांब मात्र मत्तीचे, म्हणजे ऐनाचे घे आणि मातीत न पुरता दगडावर उभे कर. दार पूर्वेला. आपल्याकडचा पाऊस कुठून झोडपतो ते तुला सांगायला नको.

खरा घोळ तू शेवटच्या चार ओळींत घातलायस. अनगोळचे जागामालक म्हणतात, जागा फुकट देतो, पण रात्री बाहेरून कडी घालणार, म्हातारी भरकटायला नको. आणि तू मला विचारतोस, "एवढं मान्य करावं का?"

नाही. कडी आतून.

अरे, पेठेतल्या गोदामाच्या पायरीवरून तिला निदान उठून जाता तरी येतं! तिचं पोट धान्य निवडण्यावर. पहाटे निघायचं तर किल्लीवाला जागा होईपर्यंत दाराशी बसून राहायचं? मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगितलंय की पोटापाण्याचं साधन हिरावणं म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणं. शिवाय लाकडाची खोली, आत स्टोव्ह, बाहेरून कडी. पुढचं मी लिहीत नाही, तूच विचार कर.

मला लोक हेकट म्हणतात, माहीत आहे. फार वर्षांमागं एका संस्थेचं मोठं काम आलं होतं. निराधारांच्या खोल्या, कड्या सगळ्या बाहेरून. मी नाही म्हटलं. काम दुसऱ्याला गेलं आणि दारं त्यांना हवी तशीच झाली. त्यावरून हिची बोलणी खाणं अजून संपलेलं नाही. माझ्या नकारानं आतल्या एकाही माणसाचं भलं झालं नाही, ते सलतं. तरी उद्या तेच काम आलं तर नाहीच म्हणेन. कुणी तरी म्हणायला नको का?

रात्री आजारी पडली तर काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. लोखंडी कडी नकोच, लाकडी अडसर कर. दार आणि चौकटीत फट ठेव. आषाढात लाकूड फुगतं, तेव्हा ती ठेवावी लागतेच. त्या फटीतून पातळ पट्टी घातली की अडसर बाहेरूनही उचलता येतो. पट्टी कुणाकडे ठेवायची ते ती सांगेल. मालक नाही, तू नाही, मीही नाही. अडसर हलका हवा. सांधे धरलेल्या बोटांनी अंधारात उचलायचा आहे. तू काढलायस तेवढ्या उंचीवर तर तो मुळीच नको. ती बसूनच वावरते, तुझ्या नकाशातली बाई उभी आहे.

मालक ऐकले नाहीत तर जागा जाऊ दे. भिंती नट-बोल्टांनी जोड. सोडवून टेम्पोत घालता येतील, दुसरीकडे उभ्या करता येतील. आणि बाबा, तिला अनगोळला यायचंय का, हे विचारलंस का? पत्रात कुठं दिसलं नाही.

बिजागऱ्या माझ्याकडे पडून आहेत, विकत घेऊ नकोस. रविवारी ये. येताना अज्जी बसल्या जागेवरून हात कितीपर्यंत नेते ते मोजून आण. तिला विचारून.